डोक्याचा मार, जवसाचं तेल आणि महिन्याला चोवीसशेची कॅप्सूल

म्हातारबा दुकानाच्या पायरीवर चपला काढून वर आले. मेडिकलमध्ये कोणी चपला काढत नाही, पण हे काढतात. कापडी पिशवीतून त्यांनी एक चकचकीत डबा काढून काउंटरवर ठेवला. डब्यावर मेंदूचं निळं चित्र आणि मेंदूतून निघालेले विजेचे लोळ.

"भाऊ, हे चालू ठेवू का बंद करू? पोराच्या डोक्याचं हाय जी."

पोरगा सव्वीसचा. रात्री जागलीवरून परत येताना गाडीपुढे रानडुक्कर आडवं आलं. हेल्मेट घरी खुंटीला. यवतमाळला सीटी स्कॅन झाला, तिथून नागपूरला हलवलं, ऑपरेशन झालं, तीन आठवड्यांनी पोरगा घरी आला. जीव वाचला. पण आता विसरतो, चिडतो, डोकं धरून बसतो, पऱ्हाटीत दोन तास उभं राहिलं की चक्कर येते. जावयानं मोबाइलवर शोधून हा डबा मागवला. त्यावर लिहिलं होतं की यातले अँटिऑक्सिडंट मेंदूच्या पेशी दुरुस्त करतात. महिन्याचा खर्च २,४०० रुपये.

डबा बाजूला ठेवून मी पिशवीतली डिस्चार्जची फाइल मागितली. फाइलसोबत गोळ्यांची एक स्ट्रिप निघाली, लेव्हेटिरासिटॅमची. डोक्याच्या मारानंतर झटके येऊ नयेत म्हणून देतात ती. कार्डावर तीन महिने लिहिलेलं, आणि स्ट्रिप जवळपास भरलेली.

"या गोळ्या बंद केल्या का, बाबा?"

"दोन दोन औषधं गरम पडतेत ना जी. हे भारी हाय म्हणून हे ठेवलं."

त्या डब्यातल्या कॅप्सूलनं पोराला अपाय झाला असता की नाही, हा पुढचा प्रश्न. खरा धोका असा की ती कॅप्सूल दुसऱ्या, गरजेच्या गोळीच्या जागी येऊन बसली होती. कार्डावरच्या नंबरवर फोन लावून डॉक्टरांशी त्यांचं बोलणं करून दिलं आणि गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. पण नंतर मला वाटलं, या अँटिऑक्सिडंट प्रकरणावर एकदा नीट लिहायलाच हवं. कारण जावई मूर्ख नव्हता. त्यानं वाचलं होतं त्यातलं अर्धं खरं आहे. आणि मीही असल्या गोष्टी विकतो, तेव्हा हे सांगायची माझी जबाबदारी थोडी जास्तच.

मार दोनदा बसतो

डोकं रस्त्यावर आपटलं की पहिला मार त्याच क्षणी बसतो. हाड तडकतं, रक्तवाहिनी फुटते, मेंदूतले बारीक तंतू ताणले जातात, काही तुटतात. हे झालं ते झालं. कोणतंही औषध तो क्षण मागे नेत नाही. त्यावर उपाय एकच, तो आपटण्याच्या आधी डोक्यावर असावा लागतो आणि सहसा खुंटीला असतो.

दुसरा मार सावकाश बसतो, काही मिनिटांपासून काही दिवसांपर्यंत. गारपीट झाल्यावर गारांनी मोडलेलं पीक त्याच दिवशी दिसतं, पण भिजलेली बोंडं सडायला लागतात ती पुढच्या आठवड्यात. तसंच हे. दुखावलेल्या पेशी ग्लुटामेट नावाचं रसायन भसाभसा बाहेर ओततात. एरवी हेच रसायन थेंबाथेंबानं एका पेशीचा निरोप दुसरीला देतं. पूर आला की मात्र शेजारच्या धडधाकट पेशींचीही दारं सताड उघडतात आणि आत कॅल्शियम घुसतं. कॅल्शियम जातं पेशीच्या वीजघरात, मायटोकॉन्ड्रियात. तिथलं काम बिघडतं.

आपल्याकडे लोड वाढल्यावर डीपीवर ठिणग्या उडतात ना, चित्र तसंच आहे. वीजघरातून इलेक्ट्रॉन गळतात आणि जवळच्या ऑक्सिजनला जाऊन चिकटतात. असा बिघडलेला ऑक्सिजन म्हणजे फ्री रॅडिकल. त्याच्या इलेक्ट्रॉनांची जोडी अपुरी असते, म्हणून तो शेजाऱ्याकडचा एक ओढून घेतो. शेजारी अपुरा पडला की तो त्याच्या शेजाऱ्याकडून ओढतो.

आता हे मेंदूतच एवढं महागात का पडतं? मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण आपण घेतो त्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के एकटा मेंदू खातो. जिथे एवढा ऑक्सिजन जळतो तिथे ठिणग्याही जास्त. आणि ठिणग्या पडतात कशावर, तर चरबीवर. मेंदूचा कोरडा भाग पाहिला तर त्यात निम्म्याहून जास्त चरबीच निघते. त्यातली बरीचशी जवसाच्या तेलासारख्या जातीची.

जवसाची चटणी आपल्याकडे घरोघरी असते, म्हणून हे उदाहरण. जवसाचं तेल काढून उघड्यावर ठेवलं की किती लवकर खवट होतं, हे कोणत्याही बाईला विचारा. पाम तेलाचा डबा महिनाभर टिकतो, जवसाचं तेल टिकत नाही. कारण जवसाच्या तेलातल्या साखळीत ऑक्सिजनला पकडायला सोप्या, कमकुवत जागा भरपूर असतात. मेंदूच्या पेशींच्या आवरणातही तशाच जागा असलेली चरबी भरलेली आहे. तीच तिथे उपयोगाची, कारण ती लवचिक असते. फ्री रॅडिकल तिच्यावर पडला की आवरण अक्षरशः खवट होत जातं, एका कणापासून दुसऱ्यापर्यंत साखळी पेटत जाते. डॉक्टर त्याला लिपिड पेरॉक्सिडेशन म्हणतात. पेशीचं आवरण गळकं झालं की पेशी मेली.

यात तेल ओततं ते सांडलेलं रक्त. रक्तात लोह असतं. ते सुटं झालं की साध्या हायड्रोजन पेरॉक्साइडपासून सगळ्यात जहाल फ्री रॅडिकल तयार करतं.

शरीराकडे याचा बंदोबस्त आहे. ठिणग्या विझवणाऱ्या या पदार्थांनाच अँटिऑक्सिडंट म्हणतात. सुपरऑक्साइड डिसम्युटेज नावाचं एन्झाइम या ठिणग्या विझवतं. ते काय काम करतं हे १९६९ मध्ये अमेरिकेत मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी दाखवलं. तसंच काम करणारं कॅटालेज आहे, ग्लुटाथायोन आहे. ई जीवनसत्त्व चरबीत राहून खवटपणाची साखळी तोडतं आणि तोडताना स्वतः अर्धवट होतं. क जीवनसत्त्व त्याला पुन्हा उभं करतं. पण मेंदूत कॅटालेज यकृताच्या मानानं फारच थोडं. ठिणग्या जास्त, विझवणारे कमी.

इथवर जावयानं वाचलेलं सगळं बरोबर आहे. पुढचं पाऊल कोणालाही सुचेल: विझवणारे कमी आहेत ना, मग बाहेरून द्या.

दिले. उंदरांना दिले, उंदीर सुधारले. मग माणसांना दिले.

माणसांवर काय झालं

या भागात कंटाळा न करता थांबा, कारण डब्यावरच्या जाहिरातीत नेमका हाच भाग नसतो.

वर सांगितलेलं सुपरऑक्साइड डिसम्युटेज, तेच रक्तात जास्त वेळ टिकेल असं बनवून इंजेक्शननं दिलं गेलं. त्याला पेग-एसओडी म्हणायचे. १९९३ साली १०४ रुग्णांवरच्या पहिल्या चाचणीचे आकडे आले तेव्हा लोक हरखले. औषध न मिळालेल्या गटात तीन महिन्यांनी सुमारे ४४ टक्के रुग्ण दगावले होते किंवा बेशुद्धच राहिले होते. जास्त डोस मिळालेल्या गटात जवळपास २१ टक्के. निम्म्यावर! मग मोठी चाचणी झाली, ४६३ रुग्णांची. १९९६ मध्ये निकाल आला. फरक दिसला तो नशिबाच्या खेळापेक्षा वेगळा म्हणता येईल एवढा नव्हता. औषध तिथेच संपलं.

त्याच काळात टिरिलाझॅड नावाचं औषध आलं. हे तर खास खवटपणाची साखळी थांबवायलाच घडवलेलं. नेम अगदी बरोबर जागी. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १,१२० रुग्ण होते. फायदा दिसला नाही.

टिरिलाझॅडचा थोरला भाऊ म्हणजे मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. मोठ्या डोसमध्ये तेही खवटपणा रोखतं आणि सूज उतरवतं, म्हणून डोक्याच्या मारात जगभर कित्येक वर्षं दिलं जायचं.  शेवटी 'क्रॅश' नावाची प्रचंड चाचणी झाली, १०,००८ रुग्णांची. २००४ चा निकाल असा: दोन आठवड्यांत स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी २१.१ टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी १७.९ टक्के. म्हणजे शंभरामागे तीन माणसं जास्त गेली, तीही शास्त्रशुद्ध वाटणाऱ्या तर्कामुळे. मी डी. फार्म. करत होतो तेव्हा हा आकडा मला कोणी शिकवला नाही. बऱ्याच वर्षांनी वाचला आणि त्या दिवसापासून "लॉजिक बरोबर आहे ना, मग घ्यायला काय हरकत" हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही.

सिटिकोलिनचंही सांगून टाकतो, कारण काउंटरवर सगळ्यात जास्त विचारणा त्याचीच. ते निव्वळ अँटिऑक्सिडंट नाही, पेशीच्या आवरणाचा कच्चा माल आहे, पण खपतं याच नावाखाली. अमेरिकेत १,२१३ रुग्णांना ९० दिवस सिटिकोलिन किंवा तशीच दिसणारी खोटी गोळी दिली. २०१२ मध्ये निकाल आला: दोन्ही गट सारखेच. तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर मनानं बंद करू नका, त्यांना विचारा. पण शेत गहाण टाकून घ्यायचं ते औषध नाही.

सगळंच काळं नाही. इराणमध्ये साधारण शंभर गंभीर रुग्णांचे गट करून काहींना ई जीवनसत्त्वाचं, काहींना क जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं. ई मिळालेल्यांत मृत्यू कमी दिसले, क च्या मोठ्या डोसवाल्यांत जखमेभोवतीची सूज आवरली. चांगली बातमी, पण शंभर माणसं चार गटांत वाटली की एका गटात उरतात पंचवीसेक. पेग-एसओडीची पहिली चाचणीसुद्धा शंभराचीच होती, हे विसरू नका.

मला स्वतःला सगळ्यात रस वाटतो तो एन-अ‍ॅसिटिलसिस्टीनच्या चाचणीत. हे औषध आमच्याकडे कायम असतं. छातीतला घट्ट कफ पातळ करायला देतात, आणि कोणी पॅरासिटामॉलच्या ढीगभर गोळ्या खाल्ल्या तर यकृत वाचवणारं औषधही हेच. शरीरात गेल्यावर ते ग्लुटाथायोनचा साठा भरतं. इराकमध्ये स्फोटाचा सौम्य धक्का बसलेल्या ८१ अमेरिकी सैनिकांवर ते वापरलं. २०१३ चा अहवाल सांगतो, २४ तासांच्या आत औषध मिळालेल्यांपैकी ८६ टक्के सैनिकांची लक्षणं सात दिवसांत गेली. तितक्याच लवकर आलेल्या पण खोटी गोळी मिळालेल्यांपैकी ४२ टक्क्यांची. आकडा देखणा आहे. पण धक्का सौम्य, माणसं तरणीबांड, दवाखाना छावणीतच, आणि औषध चोवीस तासांच्या आत. आपला पोरगा ऑपरेशन होऊन दीड महिन्यानं कॅप्सूल घेतोय. त्याच्यासाठी ही चाचणी काहीच सांगत नाही.

बोंडातली अळी

मग उंदरात चालतं ते माणसात का चालत नाही? गुलाबी बोंडअळीनं ज्याचं वर्ष खाल्लंय त्याला हे लगेच कळेल. अळी अंड्यातून निघाली की बघता बघता बोंडात शिरते आणि तिचं भोक बुजून जातं. त्यानंतर तुम्ही बाजारातलं सगळ्यात महागडं औषध फवारा. औषध खोटं नसतं. अळीही मरण्यासारखी असते. पण औषध बोंडाच्या बाहेर आणि अळी आत.

प्रयोगशाळेत उंदराला मार दिल्यावर पंधरा मिनिटांत, अर्ध्या तासात औषध मिळतं. कधी कधी तर मार देण्याआधीच. सगळे उंदीर एका वयाचे, एका वजनाचे, मारही मोजून सारखा. आपला माणूस कुठून कुठून जातो बघा: अंधारात पडला, कोणाला तरी दिसला, गाडी मिळेपर्यंत वेळ गेला, ग्रामीण रुग्णालय, तिथून जिल्ह्याला, तिथून नागपूर. ठिणग्यांचा मुख्य भडका सुरुवातीच्या तासांत उडून जातो. पुढचे काही दिवस निखारे धुमसतात. महिन्यानं कुरिअरनं आलेली कॅप्सूल राखेवर पाणी मारते.

दुसरी अडचण बोंडाच्या सालीची. मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये एक कडक चाळणी असते, ती बहुतेक औषधांना आत सोडत नाही. मार लागल्यावर ती काही ठिकाणी फाटते, पण फाटलेल्या जागी रक्तपुरवठाही बिघडलेला असतो. तोंडानं घेतलेल्या क जीवनसत्त्वाचं तर असं आहे की दिवसाला दोन-चारशे मिलिग्रॅमच्या पुढे रक्तातली पातळी फारशी चढतच नाही. उरलेलं लघवीवाटे जातं. मेंदू आपल्या वाट्याचं क जीवनसत्त्व आधीच पंप लावून ओढून ठेवतो, रक्तात असतं त्याच्या कितीतरी पट. भरलेल्या विहिरीत टँकर ओतून पाणी वर येत नाही.

तिसरी गोष्ट मित्रकिडींची. सरसकट जहाल फवारणी केली की अळीबरोबर ढालकिडाही मरतो, क्रायसोपाही मरतो, आणि पुढच्या पंधरवड्यात मावा दुप्पट होतो. फ्री रॅडिकल सगळेच दरोडेखोर नसतात. पांढऱ्या पेशी जंतू मारतात ते यांच्याच जोरावर. पेशी एकमेकींना निरोप देतात त्यातही यांचा हात असतो. आणि विझवणारे तरी कायम विझवतातच असं कुठे आहे? सुटं लोह आसपास असेल तर क जीवनसत्त्व त्याच लोहाला पुन्हा पुन्हा ताजं करून ठिणग्या वाढवू शकतं, हे परीक्षानळीत जुनंच माहीत आहे.

चौथं म्हणजे 'डोक्याचा मार' हा एक आजारच नाही. कोणाच्या कवटीखाली रक्ताची गाठ, कोणाचे तंतू तुटलेले, कोणाच्या मेंदूला खरचटलेलं, कोणाला नुसता हादरा. कपाशी लाल पडली म्हणून सगळ्यांनी एकच औषध मारावं असा हा प्रकार. कोणाचं पाण्यानं झालं, कोणाचं मॅग्नेशियमच्या कमतरतेनं, कोणाचं तुडतुड्यानं.

"नुकसान तर नाही ना?"

हा प्रश्न दिवसातून चारदा येतो. संत्रं, आवळा, जवस, हळदीचं दूध, अंबाडीची भाजी यांनी नुकसान नाही, खुशाल खा. मोसमात आपल्याकडे संत्रं स्वस्त असतं आणि आवळ्यात क जीवनसत्त्व संत्र्याच्याही कितीतरी पट असतं. पण जेवणातलं अँटिऑक्सिडंट आणि गोळीत दाबून भरलेलं अँटिऑक्सिडंट यांत फरक आहे.

फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना कॅन्सरपासून वाचवायला बीटा-कॅरोटीन (हेही एक अँटिऑक्सिडंटच) आणि ई जीवनसत्त्व देऊन पाहिलं. १९९४ चा निकाल: बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला. २०१२ मध्ये ७८ चाचण्या आणि २,९६,७०७ माणसांचा एकत्र हिशेब मांडला गेला. त्यात अँटिऑक्सिडंट गोळ्यांनी आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही, बीटा-कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्वानं मृत्यूचं प्रमाण किंचित वाढल्याचं दिसलं. या चाचण्या डोक्याच्या मारावरच्या नाहीत, हे खरं. पण 'काहीच नाही तर टॉनिक तरी होईल' हा समज त्यांनी मोडला. शिवाय ई जीवनसत्त्वाचा मोठा डोस रक्त गोठायला अडथळा करतो. ज्याच्या मेंदूत महिन्यापूर्वी रक्त सांडलं होतं त्याला हे मनानं देणं म्हणजे जुगार. मुतखड्याची खोड असलेल्यांनी क जीवनसत्त्वाच्या हजार-हजारच्या गोळ्यांपासून लांब राहावं, त्यातही वैशाखात, घामानं लघवी कमी होते तेव्हा.

डबा उलटा करून बघायची सवय लावा. म्हातारबांच्या डब्यावर मागे चौदा आकडी नंबर होता, एफएसएसएआयचा. तो खाद्यपदार्थाचा परवाना. बिस्किटाच्या पुड्यावर असतो तोच. औषधाच्या कारखान्याचा परवाना क्रमांक कुठेच नव्हता. आणि खाली बारीक इंग्रजीत लिहिलं होतं की हे औषध म्हणून वापरण्यासाठी नाही. पुढच्या बाजूला विजेचे लोळ, मागच्या बाजूला हे वाक्य. कायद्यानं लिहावं लागतं म्हणून लिहितात, कोणी वाचू नये म्हणून बारीक लिहितात.

ठिणग्या विझतात कशानं

दुसरा मार थांबवता येतो, बऱ्याच अंशी येतो, ही यातली खरी बातमी. फक्त ते काम करणाऱ्या गोष्टी डब्यात मिळत नाहीत.

मेंदूला दोन गोष्टी सतत लागतात, ऑक्सिजन आणि तो पोचवायला पुरेसा रक्तदाब. १९९३ साली अमेरिकेतल्या ७१७ गंभीर रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की वरचा रक्तदाब सुरुवातीला ९० च्या खाली गेलेल्यांत मृत्यूचं प्रमाण दुपटीच्या घरात होतं. मग अ‍ॅरिझोना राज्यात अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांनाच शिकवलं: ऑक्सिजन लावा, दाब पडू देऊ नका, आणि श्वासाची पिशवी घाबरून भराभर दाबू नका. नवं औषध एकही नाही. २१,८५२ रुग्णांचा हिशेब २०१९ मध्ये आला. गंभीर माराच्या गटात वाचण्याची शक्यता जवळपास दुप्पट झाल्याचं दिसलं. टिरिलाझॅडला जमलं नाही ते सिलिंडर आणि सलाइननं केलं.

म्हणून आपल्याकडे १०८ ला पहिला फोन. महाराष्ट्रात २०१४ पासून ही सेवा आहे, गाडीत डॉक्टर असतो. पाहुण्याच्या बोलेरोत मागे कोंबून नेलं की मान वाकते, श्वास अडतो, आणि घोरल्यासारखा आवाज आला की लोक म्हणतात, "झोपला वाटते." तो झोपलेला नसतो, त्याची जीभ मागे पडलेली असते. गाडी येईपर्यंत मान आणि अंग एका रेषेत ठेवून अलगद कुशीवर घ्या. तोंडात पाणी घालू नका. नाकाशी कांदा आणि चप्पल, दोन्ही नको. पोलिसांच्या भीतीनं पडलेल्याला सोडून जाऊ नका. मदत करणाऱ्याला कोर्टकचेरीत ओढायचं नाही, अशी तरतूद २०१९ पासून मोटार वाहन कायद्यातच आहे.

ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड नावाचं एक स्वस्त इंजेक्शन आहे. पाळीत फार रक्त जातं त्या बायकांना याच्याच गोळ्या देतात. 'क्रॅश-३' या १२,७३७ रुग्णांच्या चाचणीत, २०१९ साली, दिसलं की सौम्य ते मध्यम माराच्या रुग्णांना तीन तासांच्या आत ते दिलं तर मारामुळे होणारे मृत्यू कमी होतात. अतिगंभीर रुग्णांत फरक दिसला नाही. इथेही घड्याळच. हे डॉक्टरांनी द्यायचं इंजेक्शन आहे, दुकानात मागू नका, मी देणार नाही.

आणि जेवण. गंभीर रुग्णाला पाचव्या ते सातव्या दिवसापर्यंत नळीतून का होईना, शरीराला लागतं तेवढं अन्न पोचलं तर मृत्यू कमी होतात, असं डोक्याच्या मारावरच्या उपचारांचे नियमच सांगतात. घरी आल्यावरही तेच. वरण, अंडी, दूध, झेपेल ते.

घरी आलेल्या माणसावर नजर मात्र ठेवायची. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, उठवूनही न उठणारी झोप, एक बाहुली मोठी, हातपाय एका बाजूनं लुळे, नाकाकानातून पाणी, झटका. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. म्हाताऱ्या माणसांत तर बैलानं ढुशी दिली, बैलगाडीवरून पडले, काही झालं नाही म्हणाले, आणि तीन-चार आठवड्यांनी चालता चालता एका बाजूला झुकायला लागले, असंही होतं. कवटीखाली रक्त हळूहळू साचलेलं असतं.

म्हातारबांना हे सगळं मी सांगितलं नाही. तेवढा वेळ नव्हता, मागे लोक उभे होते. जवसाचं आणि बोंडअळीचं सांगितलं. बोंडअळीवर ते हसले.

"म्हंजे फवारणी लेट झाली म्हना."

"लेट झाली, आणि बोंडाच्या बाहेर झाली."

"मंग आता पोरगा असाच राहीन का?"

नाही, म्हटलं. मेंदू उरलेल्या तंतूंतून नवीन वाटा पाडतो, त्याला महिने लागतात, आणि वाटा चालूनच पडतात. विसरतो तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याच्या हातानंच कामं लिहू द्या. दोन तास उभं राहवत नाही तर अर्धा तास, मग सावली, मग पुन्हा. रात्रीची जागल आता दुसऱ्याकडे द्या, त्याची झोप मोडू नका. दारू नाही. झटक्यांच्या गोळ्या आहेत तोवर आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाडी नाही, विहिरीच्या काठावर एकट्यानं जाणं नाही. चिडला तर तो चिडत नाही, जखम चिडते, हे सुनेला सांगा.

त्यांनी डबा उचलून हलवून पाहिला. अर्धा भरलेला होता.

"वापस नाही घेत ते?"

"फोडलेला डबा कोण घेते, बाबा."

मी लेव्हेटिरासिटॅमच्या स्ट्रिपवर पेनानं एका ओळीवर सूर्य आणि एका ओळीवर चंद्र काढून दिला. त्यांनी ती सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली, डबा पिशवीत टाकला, आणि पायरीवर बसून चपला घालता घालता विचारलं, "हेल्मेट तुमच्याइथं भेटते का?"

आमच्याइथं भेटत नाही. बसस्टँडसमोरच्या ऑटोपार्ट्सच्या दुकानाचा पत्ता सांगितला, आणि आयएसआयचा शिक्का बघून घ्या म्हटलं.